‘कशावरून?’ : घरात रोज विचारायचा प्रश्न



मागच्या वर्षावासातली गोष्ट. रिसोड तालुक्यातल्या केनवडला, वस्तीतल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन संपले आणि बायका नेहमीप्रमाणे आरोग्याचे बोलायला थांबल्या. एका मावशीने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. आत तपकिरी भुकटी होती. बाजाराच्या दिवशी एकाने दिलेली, शुगर मुळापासून घालवणारी. मावशीने तीन आठवड्यांपासून दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

आम्ही विचारले, “मावशी, शुगर जाते हे कशावरून?”

मावशी म्हणाली, “देणाऱ्यानं सांगतलं.” मग आमच्याकडे रोखून पाहत म्हणाली, “अन् बाई, तुमची गोळी तरी खरी कशावरून?”

बायका हसल्या. आम्हाला मात्र हसू आले नाही. आम्ही बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले, हजारो लोकांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, पण हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. मावशीचा प्रश्न बरोबर होता. पुडीवाल्याला विचारायचा तोच प्रश्न डॉक्टरलाही विचारायचा, नर्सबाईलाही विचारायचा, मोबाईलवर आलेल्या संदेशालाही विचारायचा. या महिन्याचे आरोग्याचे पान त्या एका प्रश्नासाठी.

शेगावच्या गावांत काय झाले

आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातली घटना तुमच्या आठवणीत असेल. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. जानेवारीपर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. त्यात तरुण मुली होत्या, शाळकरी लेकरे होती. पोरी डोक्यावरचा रुमाल काढायला तयार नव्हत्या. जमत आलेली लग्ने अडली.

अशा वेळी गावात दर घराला एक कारण सापडते. कुणी म्हणाले शाम्पू. पण ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नाही, त्यांचेही केस गेले होते. मग शाम्पू हे कारण कसे? कुणी म्हणाले पाणी. तो भाग खारपाणपट्ट्यातला, पाणी खारट हे खरे. तपासणीत पाण्यात नायट्रेटही जास्त सापडले. पण ते खारे पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. मग केस याच हिवाळ्यात का गेले? त्वचेच्या डॉक्टरांना पहिल्यांदा बुरशीचा संशय आला. पण लेकरे, म्हातारे, बाया, गडी, सगळ्यांना एकदमच आणि इतक्या झपाट्याने? तेही नीट जुळत नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. त्यांनी रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने नेले.

डॉ. हिंमतराव बावस्करही त्या गावांत गेले. विंचूदंशावर उपचार शोधणारे महाडचे डॉक्टर ते हेच. त्यांनी लोकांना विचारले, तुम्ही खाता काय? या सगळ्या घरांत एकसारखे काय आहे? उत्तर आले, रेशनचा गहू. त्यांनी गव्हाचे नमुने घेतले, लोकांचे रक्त, लघवी आणि केसही तपासले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितले की या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य स्थानिक गव्हाच्या मानाने सुमारे ६०० पट आहे आणि रुग्णांच्या रक्तातही ते फार वाढलेले आहे. सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागते. जास्त झाले की केस गळतात आणि नखे खराब होतात, हे वैद्यकशास्त्राला आधीपासून माहीत आहे. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातल्या काही लोकांची नखे तडकून गळू लागली. म्हणजे आणखी एक खूण जुळली.

या गोष्टीतून दोन प्रकारच्या लोकांनी दोन चुकीचे धडे घेतले. काहींनी ठरवले, रेशनचा गहू म्हणजे विष. हे बरोबर नाही. संशय त्या ठिकाणी आलेल्या त्या गव्हावर होता, सगळ्या रेशनवर नव्हे. अन्नसुरक्षा कायद्याने मिळणारे धान्य हा आपला हक्क आहे. घाबरून तो सोडायचा नाही. धान्याला वेगळा वास, रंग किंवा बुरशी दिसली तर दुकानदाराला विचारायचे आणि तहसीलच्या पुरवठा विभागाकडे तपासणीची लेखी मागणी करायची. दुसऱ्या काहींनी ठरवले, मोठ्या डॉक्टरांनी सांगितले म्हणजे संपले. तेही बरोबर नाही. डॉक्टर कितीही मोठे असोत, त्यांचा निष्कर्ष दुसऱ्यांनी पुन्हा तपासायचा असतो. डॉ. बावस्करांचे मोठेपण असे की त्यांनी अंदाजावर न थांबता मोजमाप केले आणि ते दुसऱ्याला तपासता येईल असे समोर ठेवले.

खरा धडा चार साध्या प्रश्नांचा आहे. ज्यांना झाले त्यांच्यात सारखे काय? ज्यांना झाले नाही त्यांच्यात वेगळे काय? आत्ताच का झाले? आणि कुणी मोजून पाहिले का? हे विचारायला डिग्री लागत नाही. भाजी नासली तर आपण हेच करतो. मीठ जास्त पडले, झाकण राहिले की तेल जुने होते, हे एकेक करून पाहतो. चुलीपाशी वापरतो ती अक्कल आजाराच्या वेळी गहाण का ठेवायची?

काविळीची माळ

आता आमच्या आयुष्यातली एक गोष्ट. लिहायला जड जाते, पण लिहितो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रात्रपाळीला एक बाई आली. आठवा महिना सुरू, डोळे पिवळेजर्द, बोलण्यात ताळमेळ नाही. गळ्यात काविळीची माळ होती, पार बेंबीपर्यंत लांबलेली. सोबतची सासू पुन्हा पुन्हा सांगत होती, “माळ वाढली बाई, म्हणजे कावीळ उतरली.” घरच्यांनी बारा दिवसांत तीनदा उतारा करून आणला होता. ती सकाळ पाहू शकली नाही. पोटातले लेकरूही गेले. सासू वाईट नव्हती. तिने सुनेसाठी दूरवर पायपीट केली होती, पैसे मोडले होते. तिच्या मायेत काही कमी नव्हते. कमी होता तो एक प्रश्न, आणि तो तिला कुणी शिकवला नव्हता.

म्हणून ही माळ आपण नीट समजून घेऊ. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून अडकवलेले असतात. काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. कावीळ असो वा नसो. खात्री करायची असेल तर तसलीच एक माळ घरातल्या खिळ्याला टांगा. खिळ्याला कावीळ होत नाही, पण माळ तितकीच वाढते.

चुन्याच्या पाण्याचेही तसेच. रुग्णाचे हात चुन्याच्या निवळीत धुतात, पाणी पिवळे होते आणि ‘कावीळ निघाली’ म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग उतरतो. हळदीत चुना पडला की लाल होते, हे आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. त्यात चमत्कार नाही, तसा यातही नाही. एवढेच म्हणा, “दादा, आधी माझे हात धुवा. मला कावीळ नाही.” धडधाकट माणसाच्या हातूनही पाणी पिवळे झाले की गोष्ट तिथेच संपते.

मग लोक म्हणतात, “पण आमचा पोरगा तर माळेनं बरा झाला.” झाला, हे खरे. पण माळेने झाला हे कशावरून? दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची विश्रांती आणि नीट खाण्यापिण्याने चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घातली तरी, नाही घातली तरी. मधल्या काळात जो भेटतो, तो श्रेय घेऊन जातो. मात्र हीच कावीळ, विशेषतः ‘ई’ प्रकारची, गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. माळवाल्याला हा फरक कळत नाही. त्याच्याकडे वाचलेले परत येऊन नारळ देतात. मेलेले सांगायला येत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवा. गरोदर बाईचे डोळे पिवळे झाले, जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळ पिवळे दिसले, बाळाचे तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा काविळीचा कोणताही रुग्ण बरळू लागला, सारखा झोपू लागला, उलट्या थांबेनात, कुठून रक्त येऊ लागले, तर एक तासही घरी काढायचा नाही. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

आमचीही एक चूक

दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवणे सोपे असते. आमची सांगतो. एका खाजगी दवाखान्यात नोकरी करताना आम्ही शेकडो ‘ताकदीच्या सलाईन’ लावल्या. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत अंगदुखीने थकलेल्या बाया यायच्या. एक बाटली चढली की उठून बसायच्या, बरे वाटते म्हणायच्या. आम्हाला खरे माहीत होते. तरी लावत राहिलो, कारण मालकाला ते हवे होते आणि बायांनाही तेच हवे होते.

त्या बाटलीत काय असते ते आज सांगतो. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चमचाभरही नाही. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. एका भाकरीतून मिळते तेवढीही ताकद तिच्यात नाही. दिवसाची मजुरी देऊन आपण मीठपाणी विकत घेत होतो. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला, तोंडाने काही ठरत नाही, मोठा रक्तस्राव झाला, तेव्हा हीच सलाईन जीव वाचवते. थकव्यासाठी मात्र लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, डाळ-भाकर आणि दोन तास पाठ टेकणे पुरते. थकवा हटतच नसेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या बायांचा थकवा पुष्कळदा रक्ताच्या कमतरतेचा असतो आणि त्याची लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

मग बरे का वाटायचे? पडून राहायला मिळायचे, कुणीतरी विचारपूस करायचे आणि काहीतरी केले याचे समाधान व्हायचे. ‘बरे वाटले’ हे खरे असते. पण कशामुळे वाटले, हे वेगळे तपासावे लागते.

साप, मांत्रिक आणि कायदा

पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यांना हे सांगायलाच हवे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप मुख्यतः माणसे मारतात. बाकी बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दरवेळी विष भरतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेले बरेच जण वाचतात आणि त्याचे नाव होते. ज्या दिवशी खरा मण्यार चावतो, त्या दिवशी मंत्र म्हणण्यात गेलेला वेळ जीव घेतो. मण्यार रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, खूण दिसत नाही. पोटदुखी, जड पापण्या, घशात अडकल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसली तरी निघायचे. जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हात-पाय न हलवता रुग्णाला उचलून दवाखान्यात न्या. प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, तो त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर आला. आधी वटहुकूम निघाला आणि मग त्याच वर्षी कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

डॉक्टरलाही विचारा

आता मावशीच्या प्रश्नाकडे येतो. पांढरा कोट घातला म्हणून माणूस प्रश्नाच्या पलीकडे जात नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणींना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले होते. कशावरून, हे विचारायची हिंमत त्यांना झाली नाही. अडाणी म्हणून हिणवले जाईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती भीती सोडायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले.

मोठे ऑपरेशन सांगितले तर शांतपणे विचारा. आजाराचे नाव काय? कोणत्या तपासणीवरून कळले? नाही केले तर काय होईल? औषधाने भागेल का? कागद द्याल का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा आहे? चांगला डॉक्टर रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या दारातून कागद घेऊन सरकारी रुग्णालयात या. मात्र जीव धोक्यात असेल, तातडी असेल, तेव्हा चर्चेत वेळ घालवू नका.

आणि शंका घेणे म्हणजे सगळेच खोटे मानणे नव्हे. ‘लस देऊ नका, पोरं होत नाहीत’ हा संदेश डोळे झाकून मानणारी बाई शंकेखोर नसते. तिने डॉक्टरवरचा विश्वास काढून अनोळखी संदेशावर ठेवला, एवढेच झाले. शंका घेतली की तपासायचे, तपासले की मान्य करायचे. अर्ध्यावर थांबायचे नाही.

कालामांनी तथागतांना विचारले होते, जो येतो तो आपलेच खरे म्हणतो, आम्ही कुणाचे ऐकावे? ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, त्याचा परिणाम हिताचा की अहिताचा हे स्वतः पारखा, असाच तथागतांच्या उपदेशाचा भाव होता. मे १९५६ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्माची पहिली गोष्ट सांगितली ती प्रज्ञा, म्हणजे अंधश्रद्धा आणि चमत्कार यांच्या विरुद्धची समज. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरी लेकरू तापले की मध्यरात्री दुसऱ्याच दाराला आपले पाय वळतात. प्रतिज्ञा तोंडपाठ असून भागत नाही, ती त्या मध्यरात्री आठवावी लागते.

मावशीला दिलेले उत्तर

मावशीला आम्ही असे सांगितले. शुगरच्या उपचारांची परीक्षा झाली आहे. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे पाच हजारांहून जास्त शुगरच्या रुग्णांना गटांत वाटले. काहींची शुगर औषधाने कडक ताब्यात ठेवली, काहींना नेहमीचे उपचार दिले. मग कुणाचे डोळे गेले, कुणाच्या किडन्या बिघडल्या हे मोजले. ज्यांची शुगर ताब्यात राहिली, त्यांच्या डोळ्यांचे आणि किडन्यांचे नुकसान कमी झाले. हे १९९८ मध्ये जगासमोर मांडले, कुणीही वाचावे असे. “गोळीची अशी वही आहे, मावशी. पुडीवाल्याची आहे का?”

तरी आमच्यावर विश्वास ठेवा असे आम्ही म्हणालो नाही. उपाशीपोटी तिची शुगर तपासली, नातवाने वहीत लिहून ठेवली. भरपूर वाढलेली होती. डॉक्टरांना विचारून गोळ्या परत सुरू केल्या. महिन्याने पुन्हा तपासली, पुन्हा लिहिली. दोन आकडे शेजारी शेजारी पाहून मावशीने पुडी स्वतःच चुलीत टाकली. पुढच्या बाजाराला ती पुडीवाल्यापाशी गेली आणि म्हणाली, “तुही वही दाखव.” तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

येत्या पौर्णिमेपर्यंत एक काम करा. घरात आलेले एखादे औषध, पुडी, दोरा किंवा मोबाईलवरचा सल्ला निवडा आणि त्याला पाच प्रश्न विचारा. हे कोण सांगते आणि त्यात त्याचा फायदा काय? हे न करता आपोआप बरे झाले असते का? ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत? कुणी मोजले का? आणि याच्या नादात गरजेचे उपचार लांबतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर बाकीच्या चारांसाठी थांबू नका, दवाखाना गाठा.

उत्तरे वहीत लिहून विहारात आणा. आम्ही सांगितलेल्या गोष्टींनाही हेच पाच प्रश्न विचारा.